घाटातली शिट्टी आणि रेशनचा अंगठा

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की प्रवासी वडापावकडे धावतात. त्याच वेळी गाडीच्या शेपटाला वेगळंच काम चाललेलं असतं. मागून इंजिनं येतात, हलकेच टेकतात, जोडली जातात. रेल्वेची माणसं त्यांना बँकर म्हणतात. इथून लोणावळ्यापर्यंत २८ किलोमीटरचा बोरघाट. त्याचा चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढं सरकावं तेव्हा गाडी एक फूट वर चढते. एवढं ओझं पुढच्या इंजिनानं एकट्यानं ओढलं तर डब्यांच्या जोडण्यांवर भलताच ताण येईल, म्हणून मागूनही रेटा द्यायचा.

१४ मे १८६३ रोजी हा मार्ग सुरू झाला. पुढचा आणि मागचा चालक एकमेकांशी बोलणार कसे, हा प्रश्न इथं कायमचा. मध्ये अख्खी गाडी, वाटेत बोगदे आणि वळणं, आषाढात तर धुकं असं की हातभर अंतरावरचं दिसत नाही. वॉकीटॉकी येण्याआधी कित्येक पिढ्या हे बोलणं शिट्टीनं चाललं. पुढच्यानं ठरलेली शिट्टी द्यायची, मागच्यानं शिट्टीनंच जबाब द्यायचा. स्टेशनमास्तरांचंही तसंच होतं. गाडी सोडण्याआधी शेजारच्या स्टेशनाला घंटेचे ठरलेले ठोके पाठवायचे. तिकडून तेवढेच ठोके परत आले, तर समोरच्याला कळलं असं धरायचं. दिवसा सिग्नलचा हात, रात्री दिवा. धुक्यात दोन्ही दिसेनासे झाले तर रुळावर फटाका बांधायचा. तो चाकाखाली फुटला की डोळ्यांनी जे सुटलं ते कानांनी पकडायचं.

उतारावर आणखी एक खबरदारी होती आणि अजूनही आहे. घाट उतरणाऱ्या गाडीपुढचे रूळ ठरावीक ठिकाणी मुळातच चढत्या फाट्याकडे वळवून ठेवलेले असतात. त्याला कॅच साइडिंग म्हणतात. गाडीनं आधी थांबून दाखवायचं, ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध करायचं, मग सरळ वाट मिळणार. ठाकूरवाडी, जांबरुंग, नागनाथ, मंकी हिल ही नावं प्रवाशांना खिडकीतून पुसटशी दिसतात. घाटात काम करणाऱ्यांच्या ती हाडीमांसी खिळलेली असतात.

माणूस आणि यंत्र यांच्यात एकाहून जास्त वाटा ठेवायच्या, कारण एखादी वाट कधी ना कधी बंद पडणारच. आणि ज्याला सांगितलं त्यानं ऐकल्याचा जबाब द्यायचाच. हे दोन नियम या डोंगरात दीडशे वर्षं पाळले गेले. संगणकशास्त्रात त्यांचा अभ्यास सुरू झाला तो बराच नंतर. माणसानं संगणकाशी फक्त कळफलकानं न बोलता आवाजानं, हातवाऱ्यानं, नजरेनं, स्पर्शानं बोलावं, आणि यंत्रानं हे सगळं एकत्र धरून अर्थ लावावा, असं हे संशोधन. बहुमाध्यमी संवाद हे त्याचं पुस्तकी नाव. भाषाशास्त्रज्ञ, अभियंते, मानसशास्त्रज्ञ, चित्रकार एकत्र बसल्याशिवाय ते होत नाही, म्हणून ते पहिल्यापासून सहकार्यानंच चाललेलं आहे. प्रश्न असा की त्या सहकार्यात कोण कोण धरलं जातं.

या शाखेची सुरुवात सहसा १९८० सालापासून सांगतात. अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी एक खोली सजवली. खुर्चीत बसलेला माणूस समोरच्या भिंतीएवढ्या पडद्याकडे बोट करायचा आणि तोंडानं म्हणायचा, ते तिथं ठेव. पडद्यावरचा रंगीत आकार उचलून दुसरीकडे जायचा. त्या प्रयोगाचं नावही तेच होतं. त्यातली खुबी 'ते' आणि 'तिथं' या दोन शब्दांत आहे. बोट नसेल तर या शब्दांना काहीच अर्थ नाही, आणि शब्द नसतील तर बोट मुकं आहे. भाताच्या लावणीला खाचरात उतरलेली बाई बांधावरच्या सुनेला "ती मूठ इकडं टाक" म्हणते तेव्हा नेमकं हेच करते. हात चिखलात असतात म्हणून ती हनुवटीनं दाखवते, आणि सुनेला कळतं.

१९९९ साली शॅरन ओव्हिएट या संशोधिकेनं या क्षेत्रातल्या दहा गैरसमजांवर एक लेख लिहिला. माणसं नेहमी बोलता बोलताच बोट दाखवतात, हा त्यातला एक. प्रत्यक्षात माणूस सोयीची वाट धरतो, आणि यंत्राला कळलं नाही की आपणहून दुसऱ्या वाटेवर जातो. म्हणून दोन-तीन वाटा उघड्या असल्या तर चुका कमी होतात. घाटातल्या केबिनमनला हे पटवून द्यावं लागलं नसतं.

आपल्याकडची परंपराही लहान नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं मुंबईत टिफरॅक हा संगणक उभारला, १९६० मध्ये तो चालू झाला. पुढं त्याच संस्थेत पी. व्ही. एस. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राला बोलणं ऐकायला शिकवण्याचं काम हाती घेतलं. पुण्याच्या सी-डॅकनं भारतीय लिप्या पडद्यावर आणल्या. पवईच्या आयआयटीतलं औद्योगिक अभिकल्प केंद्र, ज्याला सगळे आयडीसी म्हणतात, १९६९ चं. तिथं शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांनी देवनागरीचा 'मंगल' फॉन्ट केला आणि तो विंडोजबरोबर घरोघरी गेला. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी 'कीलेख' हा कळफलक केला, मग २०१३ मध्ये 'स्वरचक्र'.

स्वरचक्राजवळ थोडं थांबायला हवं. फोनवर मराठी लिहिणं तोवर छळ होता. इंग्रजी कळफलकावर मराठी अक्षरं कोंबलेली असायची. स्वरचक्रात व्यंजनं वर्णमालेच्या क्रमानं मांडली: क, ख, ग, घ. एका व्यंजनावर अंगठा दाबून धरला की त्याच्याभोवती एक चाक उमटतं, आणि त्या चाकावर का, कि, की, कु, कू. अंगठा न उचलता सरकवायचा, मात्रा लागते. म्हणजे चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला जी बाराखडी येते तीच यंत्राला शिकवली, माणसाला यंत्राची शिकवली नाही. मला या कामाचा फार आदर वाटतो, कारण त्यात कोणी कोणाकडे जायचं याचं उत्तर बरोबर दिलं आहे.

दुसरं काम शेतमालाच्या भावांचं. केंद्र सरकारच्या मदतीनं सहा भारतीय भाषांत एक प्रकल्प झाला: शेतकऱ्यानं साध्या फोनवरून पिकाचं आणि बाजाराचं नाव बोलायचं, यंत्रानं भाव सांगायचा. मराठीची जबाबदारी आयआयटी मुंबई आणि टाटा संस्थेकडे होती. त्यासाठी गावोगावच्या शेतकऱ्यांचे आवाज फोनवरूनच ध्वनिमुद्रित केले, मागं बैल, मोटारी, वारा असा सगळा गलका ठेवून. शांत खोलीतला पुस्तकी उच्चार घेऊन शेतात उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं. यंत्राला नीट कळलं नाही तर त्यानं अंदाजानं भाव सांगून मोकळं व्हावं, की पुन्हा विचारावं? असले साधे दिसणारे प्रश्न त्या कामात खऱ्या अर्थानं कठीण असतात. विचारल्यावर माणूस कंटाळून फोन ठेवतो, न विचारता सांगितलं तर चुकीच्या बाजारात माल जातो.

सगळंच इतकं सरळ गेलं नाही. २००१ मध्ये भारत सरकार आणि एमआयटी यांनी मिळून 'मीडिया लॅब एशिया' काढली. खेड्यातल्या माणसासाठी नवं तंत्रज्ञान हा तिचा हेतू, आणि आयआयटी मुंबई हे तिचं एक केंद्र. २००३ मध्ये एमआयटी त्यातून बाहेर पडली. संस्था पुढं सरकारी म्हणून चालू राहिली. पाहुणा उठून गेला तरी काम चालावं, एवढं घरात असायला हवं, हा धडा तेव्हाचा.

अलीकडे वेग वाढला आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी आयआयटी मुंबईच्या सहकार्यानं केलेल्या एका प्रयोगात कमी उत्पन्न गटातल्या आणि विद्यार्थी अशा ३६ जणांकडून मराठी वाचनाचं १०९ तासांचं ध्वनिमुद्रण जमवलं. गरीब माणसाच्या स्वस्त फोनवरचं काम कमी प्रतीचं असेल ही शंका त्यातून दूर झाली. त्यातूनच निघालेली 'कार्या' ही संस्था बोलणाऱ्याला चांगला मोबदला देते, आणि तोच संग्रह पुन्हा विकला गेला तर त्यातला वाटाही द्यायचं म्हणते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा 'वाणी' प्रकल्प माणसाला एक चित्र दाखवतो आणि म्हणतो, जे दिसतं ते तुझ्या बोलीत सांग. २०२२ मध्ये केंद्रानं 'भाषिणी' सुरू केली. राज्याच्या कृषी विभागाचं 'महाविस्तार' ॲप आता शेतकऱ्याचा मराठी प्रश्न ऐकून घेतं.

पण कोणती मराठी? ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ चा. त्यात कोकणातल्या बोलींच्या यादीत आगरी, ठाकरी, काथोडी यांची वेगळी नोंद आहे. काथोडी म्हणजे कातकऱ्यांची बोली. आगरी माणसाच्या तोंडी 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' होतो. तो 'पानी' म्हणाला तर यंत्रानं ते हिंदी समजायचं की आगरी? डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलं, त्यानं असल्या फरकांचे नकाशे आवाजासकट लोकांपुढं ठेवले. ते काम यंत्र शिकवणाऱ्यांनी उशाशी ठेवावं इतक्या मोलाचं आहे.

आता अंगठ्याची गोष्ट. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताला शाई लावून करारावर पंजा उमटवून घेतला. पुढं सही माझी नव्हे असं त्यानं म्हणू नये, त्याला धाक बसावा, हा उद्देश हर्शेलनं स्वतःच नंतर लिहून ठेवला आहे. माणसाच्या कातडीवरून त्याची ओळख पटवण्याच्या आधुनिक विद्येचा उगम असा धाकातून झाला.

आमच्या कर्जत भागात अंगठ्याचा अर्थ वेगळा सांगायला लागत नव्हता. अंगठा म्हणजे सावकाराचा कागद. पावसाळ्यात घरातलं धान्य संपायचं, कणगी खडखडायची, आणि एका मणाला दीड मण लिहून दिलं जायचं. माथेरानमध्ये जन्मलेल्या विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवालांनी यावर उपाय म्हणून शेतकऱ्यांची धान्यकोठारं काढली आणि शाळाही काढल्या, कारण वाचता येणाऱ्याला फसवणं अवघड. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते मारले गेले. चाळीसेक वर्षांनी कशेळ्याच्या ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सेसनं ठाकर आणि कातकरी वाड्यांमध्ये धान्यबँका चालवल्या, तीही त्याच दुखण्यावरची मात्रा होती.

आणि आता रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन. कर्जत-खालापूरच्या कुठल्याही वाडीजवळ महिन्याच्या सुरुवातीला जाऊन उभं राहावं. बाई मशीनवर अंगठा ठेवते. लागत नाही. पदरानं पुसते, पुन्हा ठेवते. कोणी म्हणतं डोक्याला चोळ, तेलानं उठतो. दुसरं बोट, मग दुसरा हात. ही बाई दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली असते आणि पाऊस तोंडावर आल्यावर परतलेली असते. पाच-सहा महिने चिखल आणि रेती मळून बोटांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. तिची मेहनतच तिची ओळख पुसते. रेषा वाचल्या गेल्याच, तर रेंज नसते, किंवा सर्व्हर डाऊन असतो. मग ओटीपी येतो, पण फोन नवऱ्याकडे, आणि नवरा अजून भट्टीवर.

बोट, बुबुळ, चेहरा, ओटीपी: माध्यमं मोजली तर इथं बोल्टच्या खोलीपेक्षा जास्त आहेत. पण ती सगळी एकाच दिशेनं चालतात. यंत्र माणसाला चार प्रकारे तपासतं. माणसाला यंत्राला काही सांगायचं असेल तर एकही वाट नाही. अंगठा का लागला नाही, पुढं काय करायचं, धान्य बुडालं की उद्या मिळेल, यातलं काहीही ते तिच्या बोलीत बोलत नाही. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटते आणि दुकानदार म्हणतो, उद्या या. घाटातल्या नियमानं पाहिलं तर ही शिट्टी जबाबाविना राहिलेली आहे.

अंगणवाडीत वेगळं चित्र नव्हतं. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले. फोन तापतात, अडकतात ही तक्रार होतीच, पण पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत आहे हीसुद्धा होती. रोज मराठीत नोंदी ठेवणाऱ्या बाईच्या हातात मुलांची वजनं इंग्रजीत भरायचं यंत्र दिलं होतं. जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थी मातेचा चेहरा फोनच्या कॅमेऱ्यानं ओळखणं सक्तीचं झालं. ज्या संशोधनाचा जन्म माणसाला सोपं जावं म्हणून झाला, त्याचं फळ इथपर्यंत पोचताना चौकीदार होऊन आलं. यात चूक पवईच्या संशोधकांची नाही. खरेदी करणाऱ्याला फक्त तपासणी हवी होती, संवाद मागितलाच नव्हता.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, बचाव पथकं पावसात, चिखलात पायी चढून गेली. धोकादायक गावांच्या यादीत वाडीचं नाव नव्हतं, असं सरकारनंच सांगितलं. तेव्हापासून इशारे देणाऱ्या यंत्रणांबद्दल पुष्कळ बोललं गेलं, आणि फोनवर मोठ्यानं वाजणारे संदेश आले, ते चांगलंच झालं. पण संदेश वरून खाली येतो. ओहोळाचं पाणी अचानक गढूळ झालं, जमिनीला भेग गेली, झाड कललं, हे डोंगरात राहणाऱ्याला आधी दिसतं. फोन उचलून चित्र दाखवावं, आपल्या बोलीत दोन वाक्यं बोलावीत, आणि ते तहसीलला पोचून "ऐकलं, माणूस निघाला" असा जबाब परत यावा. आवाज, चित्र आणि ठिकाण एकत्र धरणारं यंत्र आज अशक्य राहिलेलं नाही. बहुमाध्यमी संवादाचं याहून निकडीचं काम मला तरी महाराष्ट्रात दिसत नाही.

हे काम करायला माणसं लांबून आणायला नकोत. पवई ते कर्जत लोकलचा रस्ता आहे. आयआयटीचं 'सितारा' केंद्र कर्जतच्या वाड्यांमध्ये पाण्यासाठी वर्षानुवर्षं येत राहिलं, आणि नळयोजना कागदावर चालते पण वाडीत का चालत नाही, हे लोकांबरोबर बसून शोधत राहिलं. कर्जतलाच १९१९ पासून भात संशोधन केंद्र आहे. तिथल्या वाणांना 'कर्जत-३', 'कर्जत-७' अशी नावं आहेत. कुठलाही शेतकरी ते पेरतो तेव्हा या मातीचं नाव घेतो. कशेळ्याच्या संस्थेनंही इथल्या शेतकऱ्यांकडचे जुने भातवाण जपले. बियाण्याच्या बाबतीत आपण हळूहळू शिकलो की ज्याच्या घरातून दाणा आला त्याचं नाव आणि हक्क सांभाळायचा असतो. आवाजाच्या बाबतीत हे अजून शिकायचं आहे. ठाकर म्हातारीनं तासभर बोलून दिलं, तर तिला पैसे मिळावेत हे झालंच; तिचा आवाज कुठं जाणार हे तिच्या बोलीत सांगितलं जावं, तिनं नको म्हटलं तर तो पुसला जावा, आणि त्यातून जे यंत्र होईल त्याची पहिली चाचणी तिच्याच वाडीत व्हावी.

शासनानं उद्या करता येईल असंही थोडं आहे. रेशनच्या आणि अंगणवाडीच्या यंत्रांत बोलून सांगण्याची आणि बोललेलं ऐकण्याची सोय सक्तीची करावी. अंगठा, डोळा, चेहरा, कार्ड यांतली कोणती वाट धरायची ते माणसानं ठरवावं, आणि एकही लागली नाही तरी त्या दिवसाचं धान्य थांबू नये. खात्री नंतर करावी. यंत्र विकत घेण्याआधी ते झिजलेल्या बोटांवर, आगरी-कातकरी उच्चारांवर, रेंज नसलेल्या जागी चालवून पाहावं. गाडीला घाटात थांबून दाखवावं लागतं, तसं यंत्रानं आधी थांबून दाखवावं.

संशोधकांना मात्र एक विनंती. शहरातल्या संस्थांचे दौरे बहुधा हिवाळ्यात ठरतात, तेव्हा हवा छान आणि रस्ते कोरडे असतात. पण पौषात कातकरी वाडीत गेलात तर कुलपं दिसतील, किंवा दोन म्हातारी माणसं आणि काही पोरं. बाकीची वाडी भट्टीवर असते. या तालुक्यांना ओळखायचं असेल तर आषाढात या. सगळे घरी असतात, हात चिखलात असतात, पन्हळीच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, वीज दुपारीच गेलेली असते, आणि फोनला रेंज मिळवायला टेपावरच्या आंब्याखाली जावं लागतं. तुमचं यंत्र तिथं घेऊन या.